आजारी बाईचे सुख

लाज हा स्त्रीचा दागिना आहे, असे वाक्य माझ्या लहानपणी आमच्या घरी फार वेळा ऐकू येई. कल्याणच्या आमच्या वाड्यात आजी होती, आत्या होती, शेजारच्या काकू होत्या. पापडाचे पीठ किती मळावे यावरदेखील या तिघींचे कधी जमले नाही. पण या वाक्यावर त्यांचे एकमत होते. पुढे मी लहान मुलांच्या वर्गावर शिकवू लागले, आणि हेच वाक्य थोडेफार बदलून मीही मुलींच्या कानांवर घालीत आले. दागिना हा शब्द मला आवडे. या दागिन्याविषयी माझ्या मनात पहिली शंका आली ती एका खऱ्याखुऱ्या अंगठीमुळे.

माझी एक मैत्रीण आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. तिने लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. आमची ओळख आगगाडीतली. ती डोंबिवलीहून मुंबईला कचेरीत जाई, मी ठाण्याला शाळेसाठी उतरे. महिलांच्या डब्यात अर्धा तास उभ्याने काढता काढता जी मैत्री होते, ती रक्ताच्या नात्याहून पक्की असते, हे आमच्याकडच्या बायकांना सांगावे लागत नाही. एके दिवशी तिला वरची कडी धरता येईना. बोटे मिटतच नव्हती. महिन्याभरात मनगटे सुजली, मग गुडघे. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की हा साधा सांधेदुखीचा प्रकार नाही, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे; आपण ज्याला आमवात म्हणतो तो. लग्नातली अंगठी बोटात इतकी रुतली होती की शेवटी सोनाराकडे जाऊन ती कापून घ्यावी लागली. सोनाराने अंगठीचे दोन तुकडे कागदाच्या पुडीत बांधून दिले. ती हसत म्हणाली, “बोट वाचलं, हे काय थोडं झालं?”

त्या सुमारास माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिच्यातली नायिका मध्यंतरी फार आजारी पडते. पुढे ती बरी होत नाही. पण मन मोठे करते, नवऱ्याचे अंथरूण बाहेरच्या खोलीत घालून देते, आणि स्वतः देवघरात रमते. या शेवटाबद्दल मला वाचकांची कितीतरी पत्रे आली. नायिकेचा त्याग वाचून डोळे भरून आले, असे अनेकांनी लिहिले. मीही खूश होते. माझ्या मैत्रिणीनेही ती वाचली, आणि मुंब्र्याच्या आसपास गाडी उभी असताना मला विचारले, “अगं, तुझी नायिका आजारी पडली आणि तू तिला उचलून देवघरात नेऊन बसवलीस. तिला दुसरं काहीच हवंसं वाटलं नाही का?”

मी हसले आणि म्हणाले, “आजारपणात कुठलं आलंय ते!”

ती काही बोलली नाही. ठाणे आले, मी उतरले. तो विषय तिने पुन्हा दोन वर्षे काढला नाही.

दोन वर्षांनी काढला तेव्हा जे कळले ते असे. तिचे यजमान सज्जन गृहस्थ आहेत. आजार कळला त्या दिवसापासून तिची आई, सासूबाई, डॉक्टर, सगळ्यांनी त्यांना एकच सांगितले, “तिला जपा.” त्यांनी जपले. भाजी आणली, कणीक मळली, रात्री तिला औषध दिले. त्यांच्यात शरीरसंबंध येई तेव्हा तिला अतिशय दुखे. मांडीचा सांधा वळत नसे. आत इतका कोरडेपणा असे की जणू जखमेवर हात फिरवावा. ती दात आवळून पडून राही. बोलत नसे, कारण नवऱ्याला निराश करायचे नाही. एकदा तिच्या डोळ्यांतले पाणी त्यांना दिसले. त्यांना वाटले, आपण जनावर आहोत. त्यांनी मुकाट्याने अंथरूण बाहेर नेले. मग तिला वाटले, आपली बोटे वाकडी झाली, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजून गोल झाले, म्हणून आपण त्यांना नकोशा झालो. दोघे दोन वर्षे एका घरात, एकमेकांची काळजी घेत, एकमेकांना न शिवता राहिली. शेजारी म्हणत, काय आदर्श जोडपे आहे!

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही, हेच मला सर्वांत जास्त लागले. दुष्ट माणूस असता तर कादंबरीकाराला सोपे गेले असते. इथे दोघेही चांगले, आणि दोघांच्या चांगुलपणातूनच हे दुःख तयार झालेले. तिने सोसले ते सद्गुण म्हणून. त्यांनी दूर राहिले तेही सद्गुण म्हणून. आणि मी, जिला तिने विचारले होते, मी विषय उडवून लावला तोही मर्यादा म्हणून. तेव्हा प्रश्न असा की, ज्या मर्यादेने तीन चांगली माणसे एका दुःखाची राखण करतात, तिला मर्यादा म्हणावे काय?

उत्तर शोधण्यापूर्वी हा आजार काय आहे ते थोडे समजून घेऊ. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक पहारेकऱ्यांची फौज असते. काही माणसांत ही फौज घरच्यांनाच चोर समजते आणि आपल्याच शरीरावर चालून जाते. तिने सांधे धरले की आमवात होतो. त्वचा, मूत्रपिंड, रक्त अशा अनेक ठिकाणी हल्ला केला की त्याला ल्यूपस म्हणतात. अश्रू आणि लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर गेली की डोळे व तोंड कोरडे पडते. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली त्याचे वर्णन केले म्हणून तो आजार त्याच्या नावाने ओळखतात. या आजारात योनीतही कोरडेपणा येतो. हे सर्व विकार बायकांना अधिक होतात. आमवात पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. ल्यूपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, आणि त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयातल्या.

हे आजार दुर्मीळ आहेत असेही समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे प्रौढांत दर दोनशे माणसांमागे सुमारे एकाला आमवात आढळला. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहावा. डोंबिवलीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत दोनशे प्रौढ सहज असतात. म्हणजे जिन्यात कठड्याला धरून उतरणारी कोणी बाई आपल्या पाहण्यात असण्याचा संभव पुष्कळ आहे, आपण तिला “गुडघे दुखतात वाटतं?” एवढे विचारतो, आणि पुढे जातो.

आणखी एक गोष्ट मला नवलाची वाटली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांच्या असे लक्षात आले होते की, आमवाताच्या पुष्कळ बायकांना गर्भारपणी आराम पडतो. शरीरातच काहीतरी औषध तयार होत असले पाहिजे, असे त्यांनी मनात धरले. हा माग काढीत सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाला, पुढे ज्याला कॉर्टिसोन म्हणू लागले त्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन दिले. ती रुग्ण एकोणतीस वर्षांची स्त्री होती. जिला अंथरुणात कूस बदलता येत नव्हती ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे या रोगाचे एक मोठे औषध सापडले ते बाईच्या बाईपणाकडे नीट पाहिल्यामुळे. आणि तरीही दवाखान्यात बाईला त्या बाईपणाविषयी सहसा कोणी काही विचारीत नाही. सकाळी बोटे किती वेळ आखडतात, कप धरता येतो का, केस विंचरता येतात का, हे विचारतात. आणि ते विचारायलाच हवे. पण बाई म्हणजे कप धरणारा हात एवढेच नव्हे. माझी मैत्रीण म्हणाली, “दर खेपेला प्रश्न जिभेवर घेऊन जायची आणि तसाच घरी घेऊन यायची.”

हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या मराठीत कधी नव्हतीच, असे मात्र नाही. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, ते १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. वाचक त्यांना कामजीवनाविषयी प्रश्न विचारीत आणि ते सरळ मराठीत, एखादे गणित सोडवून दाखवावे तसे उत्तर देत. यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी कर्वे हरले आणि दंड झाला. त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माणूस दुःखात असताना विचारतो तो प्रश्न अश्लील नसतो, ही साधी गोष्ट त्यांना पक्की कळली होती; आणि ती न कळलेल्या आपण, आज कितीतरी वर्षांनी, तोच प्रश्न जिभेवरून परत नेतो.

कोणी म्हणेल, “बाई, जिवावरच्या दुखण्यात हे सुख आठवणे शोभते का? आधी चालता तर येऊ द्या!” हा आक्षेप वाटतो तितका निर्दय नाही, त्यात काळजी आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. हा आजार म्हणजे टायफॉइड नव्हे, की एकवीस दिवसांनी पथ्य सुटेल. तो वीस वर्षे, तीस वर्षे, आयुष्यभर सोबत असतो. “आधी बरी हो, मग जग,” असे त्या बाईला सांगणे म्हणजे “जगू नकोस” असेच सांगणे होय. आजारी माणसाला आपण दिवाळीचा फराळ देतो, सिनेमाला नेतो, नातवंड मांडीवर देतो. या सुखांत तिचा वाटा मान्य असेल, तर एकाच सुखाच्या दारावर “आजाऱ्यांना प्रवेश नाही” अशी पाटी का लावावी?

दुसरे कोणी म्हणेल, “संयम ही मोठी गोष्ट आहे. ब्रह्मचर्याला आपल्याकडे मान आहे.” आहेच; आणि ज्याने ते समजून-उमजून पत्करले त्याच्यापुढे मीही हात जोडीन. पण उपास आणि उपासमार यांत फरक आहे. पोट दोन्हीकडे रिकामेच असते. उपासात ताट आपण होऊन बाजूला सारलेले असते, आणि उपासमारीत ते कोणी वाढलेलेच नसते. माझ्या कादंबरीत मी उपासमारीला उपास म्हटले, आणि वाचकांचे डोळे भरून आले. आज मला त्याची शरम वाटते.

मात्र या विचाराची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाईला सुखाचा हक्क आहे याचा अर्थ, बाईने दुखत असतानाही “हो” म्हटले पाहिजे, असा मुळीच नाही. आपल्याकडे नकाराचा इतिहास मोठा आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. पुढे नवऱ्याने आपल्या हक्कासाठी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा, असा हुकूम झाला, तेव्हा मी कैद पत्करीन, असे या बाईने सांगितले. पुढे तडजोड झाली आणि ती विलायतेत शिकून डॉक्टर होऊन आली. बाईचे शरीर हे कोर्टाने ताबा मिळवून द्यायची जागा नव्हे, हे तिने त्या काळी सांगून ठेवले. दुखत असताना दात आवळून पडून राहणे हा पतिधर्म नव्हे. त्याने बायकोचे शरीर मोडते आणि नवऱ्याच्या मनात नकळत एक अपराध घर करतो. ज्या घरात “आज नको” हे निर्भयपणे म्हणता येते, त्याच घरात “आज हवे” हेही म्हणता येते. या दोन वाक्यांची चावी एकच आहे.

ही चावी लागली म्हणजे पुढची वाट पुष्कळशी सोपी असते, हेच मला लिहायचे होते. मैत्रिणीने अखेर धीर केला आणि आपल्या डॉक्टरीण बाईंना विचारले. बाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि पाऊण तास समजावून सांगितले. त्यातले जे सर्वांच्या उपयोगाचे, ते इथे देते. आमवाताचा आखडलेपणा पहाटे सर्वांत जास्त असतो. तेव्हा संध्याकाळ किंवा दुपार निवडावी, रात्रीची वेळ काही शास्त्रात लिहिलेली नाही. आधी ऊन पाण्याने अंघोळ करावी, दुखण्याची गोळी कधी लागू पडते ते पाहावे. गुडघ्याखाली, कमरेखाली उशी घ्यावी. कुठल्या बाजूने वजन पडले की दुखते हे नवऱ्याला सांगावे. कोरडेपणासाठी पाण्यासारखी वंगणे औषधाच्या दुकानात मिळतात. निरोध वापरीत असल्यास खोबरेल लावू नये, तेलाने त्याचे रबर खराब होते. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर काही मलमे असतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच. आणि मुख्य म्हणजे जवळीक ही एकाच क्रियेत कोंडलेली नसते. जवळ झोपणे, पाठीवर हात फिरवणे, यालाही दांपत्यसुखच म्हणतात.

काही गोष्टी केवळ सुखाच्या नाहीत, सुरक्षिततेच्या आहेत. आमवातावर नेहमी दिले जाणारे मेथोट्रेक्झेट हे औषध गर्भाला घातक असते. ते चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, आणि मूल हवे असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलावे. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध गर्भारपणीही बहुधा चालू ठेवतात. घाबरून आपल्या मनाने बंद करू नये. ल्यूपसच्या ज्या बायकांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते, त्यांना इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या धोक्याच्या ठरतात. सायक्लोफॉस्फामाइड या जोरकस औषधाने बीजकोशांवर परिणाम होऊ शकतो. लग्न व्हायच्या मुलीला ते देण्यापूर्वी हे तिला सांगितले पाहिजे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या बायकांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी. यांपैकी एकही गोष्ट लाजून गप्प बसणाऱ्या बाईला कळणार नाही. म्हणजे तिची लाज तिला सुखालाच नव्हे, जिवालाही मुकवू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लाज वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपले सर्वस्व चव्हाट्यावर मांडू नये, ही समजूत माणसाला जपते, आणि ती मी मुलींना यापुढेही सांगेन. पण लाज खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायला मला एक कसोटी सापडली आहे. या गप्प बसण्याची किंमत कोण देते, ते पाहावे. मी गप्प राहिल्याने माझे काही जपले जात असेल, तर ती मर्यादा. मी गप्प राहिल्याने दुसऱ्या कोणाला दुखत राहत असेल, तर तो माझा भित्रेपणा. त्याला दागिना म्हणू नये. दागिना रुतून बोट काळेनिळे पडू लागले, तर शहाणी माणसे मुहूर्त पाहत बसत नाहीत, सोनाराकडे जातात. अंगठीचे सोने कुठे जात नाही. ते पुन्हा घडवता येते.

मैत्रिणीचा आजार गेलेला नाही. तो जाणाराही नाही. पावसाळ्यात ती अजून रजा घेते, आणि काही रात्री दोघांनाही झोप लागत नाही. पण बाहेरच्या खोलीतले अंथरूण आत आले आहे.

गेल्या पाडव्याची गोष्ट तिने मला गाडीत सांगितली. आपल्याकडे पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावायचे, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे आणि ओवाळायचे. त्या पहाटे तिला तेलाची वाटीदेखील उचलवेना. बोटे लाकडासारखी झाली होती. ती खट्टू होऊन बसली. तेव्हा ह्यांनी वाटी घेतली, तेल कोमट केले, आणि तिचाच हात मांडीवर घेऊन एकेक बोट सावकाश चोळून मोकळे केले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिला वाटले, आता त्या काही तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “अरे, मनगटालाही लाव.”

मी तिला विचारले, “मग ओवाळलंस की नाही?”

“ओवाळलं की,” ती म्हणाली. “उशिरा, पण ओवाळलं. तबक दोघांनी धरलं होतं.”

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शेवटचे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेणार आहे. नायिकेला मी देवघरातून उठवणार नाही. तिला तिथे बसायचे असेल तर खुशाल बसू दे. फक्त या वेळी तिला आधी विचारणार आहे.